खवट सरांचा गोड शेरा

१

त्या लेखाची शिफारस करून खवट सरांना काय मिळणार होतं, हा हिशेब आधीच उरकून टाकावा, कारण तो सगळ्यांत सोपा आहे. काहीच मिळणार नव्हतं. पद नाही, मान नाही, कुणाची मर्जीही नाही. शिफारस कार्यालयात पोचली तेव्हा सरांना जाऊन आठवडा उलटला होता.

बाकीच्यांना मात्र बरंच काही मिळणार होतं. लेख लिहिणाऱ्या डॉक्टरांचे कानात घालायचे थेंब गावोगावच्या चिठ्ठ्यांवर चढणार होते. छापणाऱ्या संपादकांना डॉक्टरांची मैत्री मिळणार होती, आणि ती अशा वेळी की जेव्हा संपादकांचा डोळा कुलगुरूच्या खुर्चीवर होता आणि त्या खुर्चीसाठी माणूस निवडणाऱ्या समितीत नेमके हेच डॉक्टर बसले होते. म्हणजे नफा सगळा जिवंतांचा आणि सही तेवढी मेलेल्याची.

ही गोष्ट उघडकीला आणली एका वाचकाने. वैद्यकाचं ते एक जुनं, अब्रूदार त्रैमासिक. एका सकाळी त्याच्या कार्यालयात लहान दवाखाना चालवणाऱ्या एक डॉक्टरीणबाई आल्या. हातात ताजा अंक, आणि त्यात खुणेसारखी दोन बोटं खुपसलेली. नमस्कार करायलाही त्यांनी बोटं काढली नाहीत. त्या थेट उपसंपादिकेच्या टेबलापाशी गेल्या.

या उपसंपादिकेला सगळे गाळणी म्हणत. लेखातला खडा तिच्या हातून निसटत नाही, असा तिचा लौकिक होता. तो तिला आवडायचा, आणि त्यापायी दुसऱ्यांची कामंही तिच्याच टेबलावर येऊन पडायची.

डॉक्टरीणबाईंनी पहिलं बोट ठेवलेलं पान उघडलं. खवट सरांच्या निधनाची वार्ता, चौकटीत. ती गाळणीनेच लिहिली होती: दृष्टी अधू झाल्यावरही सरांनी दुसऱ्यांचे लेख तपासण्याचं काम सोडलं नाही, वगैरे. दुसरं बोट शेवटच्या पानात होतं. तिथे थेंबांवरच्या लेखाखाली त्याच सरांचा परीक्षण-अहवाल, नावानिशी आणि तारखेनिशी. मांडणी सुबक, निष्कर्ष समाधानकारक, लेख छापावा.

"यातलं खरं पान कोणतं?" बाईंनी विचारलं.

गाळणीने एक तारीख वाचली, दुसरी वाचली. अहवाल सरांच्या निधनानंतर आठवड्याने लिहिलेला होता.

"मी हा शेरा वाचून थेंब दिले," बाई म्हणाल्या. "खवट सरांनी पास केलं की डोळे मिटून द्यावं, असंच शिकलोय आम्ही. माझ्याकडच्या एका मुलीच्या कानाच्या पडद्याला छिद्र होतं. तिला आता डाव्या कानाने ऐकू येत नाही. लेख मागे घ्या. आज घ्या. अजून किती दवाखान्यांत हे पान उघडं असेल कोण जाणे."

२

आज म्हणजे आज काही मागे घेता येत नाही, हे गाळणीला पहिल्या पाच मिनिटांत कळलं.

मुख्य संपादक काचेच्या खोलीत बसत. परीक्षकांचे अहवाल गुपित न ठेवता लेखाखाली छापायचे, हा नियम त्यांनीच आणला होता आणि दर सभेत ते पारदर्शकतेवर बोलत. त्यामुळे मागे सगळे त्यांना काचसाहेब म्हणत. आपल्याच अंकातली ही दोन पानं शेजारी शेजारी धरलेली ते पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी स्वतःचा अंक शेवटपर्यंत कधी वाचला नव्हता, हे काही गुपित नव्हतं.

परीक्षक नेमायचं काम उपसंपादकाचं, असं ते म्हणाले. मेलेल्या माणसाकडे लेख गेलाच कसा, याचा खुलासा तिने लेखी द्यावा.

गाळणीने सांगितलं की लेख पाठवला तेव्हा सर हयात होते. पुढे ती मोठ्या बहिणीच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर गेली, आणि तेवढ्या काळापुरती कार्यालयाची सगळी टपाल साहेबांच्याच ईमेल खात्यावर वळवली होती. अहवाल तिने पाहिलाच नाही. ती परतली तेव्हा शेवटची पानं तयार होऊन आली होती, मंजूर असा शिक्का मारून.

"शिक्का कोणी मारला याने काय फरक पडतो?"

"लेख मागे घ्यायचा ना सर?"

"एक सही खोटी निघाली म्हणून विज्ञान खोटं ठरत नाही, बाई. घाई केली तर नियतकालिकाची अब्रू जाईल."

"आणि त्या मुलीचा कान?"

"एका मुलीवरून निष्कर्ष काढायचा नसतो. एवढं तरी इतकी वर्षं इथे काम करून कळायला हवं होतं."

हे वाक्य तिला फार झोंबलं, कारण ते खरंही होतं. शेवटी साहेबांनी मधाचं बोट लावलं. पुढच्या आठवड्यात संपादक मंडळाची बैठक होती. तोवर खोटी सही कुणाची ते तिने शोधावं. लेखकानेच स्वतःची पाठ थोपटून घेतली असेल, अशी प्रकरणं हल्ली फार होतात. आणि नाही सापडलं, तर मंडळाला कुणाचं तरी नाव द्यावंच लागेल.

कुणाचं, ते त्यांनी सांगितलं नाही. समोर तिच्याखेरीज कुणी बसलेलं नव्हतं.

३

लेख लिहिणाऱ्या कानवाल्या डॉक्टरांनी तिला तासभर बाहेर बसवलं. आत घेतल्यावर फोनवर बोलता बोलताच त्यांनी तिच्याकडे पाहून भुवया उंचावल्या, म्हणजे विचारा काय ते.

खोटा अहवाल तुम्ही पाठवलात का, असं काही थेट विचारता येत नाही. तिने आडवळणाने सुरुवात केली. डॉक्टर मुळीच चिडले नाहीत. ते हसले.

"मला काय गरज? वॉर्ड माझा, मुलं माझी, थेंब माझे. आणि स्वतःच्या लेखावर स्वतः अहवाल लिहायचा तर मी एवढा त्रास करून घेतला असता का? तुमच्या त्या म्हाताऱ्याने जीव नकोसा केला हो. हा तक्ता पुन्हा जुळवा, तो टक्का पुन्हा काढा. म्हणे छिद्रवाली मुलं वेगळी काढून दाखवा. अरे, कान म्हणजे कान. वीस वर्षांपूर्वी एकाने माझा लेख स्वल्पविरामावरून परत पाठवला होता. परीक्षक म्हणजे बाई, स्वतःचं लग्न जमत नाही म्हणून दुसऱ्यांच्या पत्रिका नाकारणारी जमात."

गाळणीने हे एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं. परीक्षकाला शिव्या घालणं हा लेखकांचा जुना धर्म. लेख नाकारला तरी घालतात, छापला तरी घालतात. आजवर तिने इतक्या ऐकल्या होत्या की आता तो आवाज तिला पंख्याच्या घरघरीसारखा वाटायचा. चालू असतो, ऐकू येत नाही. नेमकं तिथेच गाळणीचं भोक मोठं झालं.

लेख मागे घ्याल का, असं तिने जाता जाता विचारलं. डॉक्टरांनी दोन्ही हात कानांवर ठेवले आणि आपल्याच विनोदावर खूश झाले.

"खवट सरांचं ईमेल खातं कोण बघायचं ते विचारा," ते म्हणाले. "म्हाताऱ्याला दिसत कुठे होतं?"

तिचा पाय दारातच अडला. दृष्टी अधू झाल्यावरही, असं तिनेच लिहिलं होतं. लिहिताना तिला ते कौतुकाचं वाटलं होतं. आता प्रश्न पडला: ज्याला अक्षर दिसत नाही, तो तक्त्यातली चुकलेली बेरीज पकडतो कशी?

४

सरांचा एक पट्टशिष्य होता. सरांची टपाल तोच बघतो असा सगळ्यांचा समज होता, आणि तो समज त्यानेच जोपासला होता. गाळणीने सरळ विचारल्यावर त्याचा फुगा फुटला. त्याने कबूल केलं की परीक्षण त्याने एकदाच लिहून दिलं होतं. सरांनी ते आत नेलं आणि दुसऱ्या दिवशी परत दिलं, सगळ्या बेरजांवर काट मारून.

"आत म्हणजे?"

"आतल्या खोलीत. सर कागद घेऊन आत जायचे आणि आतून शेरा घेऊन बाहेर यायचे. आम्ही म्हणायचो, सरांना एकांत लागतो."

गाळणी सरांच्या घरी गेली तेव्हा काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, अंगणात टाकी धुणाऱ्या माणसाशी हुज्जत घालत होत्या. स्वच्छ झाली, असं तो शपथेवर सांगत होता.

"शपथ नको," काकू म्हणाल्या. "झाकण काढून दाखव."

गाळणीने पायातली चप्पल अर्धवटच काढली. झाकण काढून दाखवा. सरांच्या कितीतरी अहवालांचा शेवट याच शब्दांनी व्हायचा. लेखक ते वाचून दातओठ खायचे.

आतली खोली लहान. टेबलाला दोन खुर्च्या. भिंतीकडची आरामाची, तिच्यावर सरांची शाल घडी घालून ठेवलेली. कागदांसमोरची खुर्ची ठेंगणी, गादी बसून बसून दबलेली. सर चांगले सहा फूट उंच होते. काकूंच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली होती, आणि टेबलावर अंक पालथा पडला होता.

"निधनाची बातमी चांगली लिहिलीस," काकू म्हणाल्या. "एक वर्ष चुकलंय. असू दे. दृष्टी अधू झाल्यावरही, असं लिहिलंस. ते वाचून मला जरा हसू आलं."

काकू लग्नाआधी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवायच्या, हे गाळणीला कुणीतरी कधीतरी सांगितलं होतं. तिने तेही सोडून दिलं होतं.

तिने हळूच विचारलं, "काकू, सरांचे अहवाल तुम्ही लिहायचात ना?"

काकूंनी पेन्सिल काढली, पुन्हा खोचली. त्या म्हणाल्या की ते सांगायचे, मी लिहायचे. मग म्हणाल्या की सुरुवातीला तसं होतं. पुढे डोळे गेले. काम सुटलं असतं तर माणूस खचला असता. मग मीच वाचायचे, मीच लिहायचे, आणि ते सही करताना विचारायचे, कुणाचा गळा धरलास आज? या शेवटच्या लेखाचं काम अर्धं झालं होतं तेव्हा ते गेले. घेतलेलं काम अर्धं टाकायची रीत घरात नव्हती. आठवड्याने उठून पुरं केलं आणि त्यांच्या खात्यावरून पाठवून दिलं.

"हे बाहेर बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "त्यांच्या नावाचं पदक देतात मुलांना. ते बंद करतील. उभ्या जन्माची कमाई आहे ती."

म्हणजे खोटी सही सापडली. गाळणी बसस्टॉपवर येऊन उभी राहिली आणि तिला आनंद होईना. काचसाहेबांना हवं होतं तसं एक नाव तिच्या पदरात पडलं होतं: एका म्हाताऱ्या विधवेचं. आणि तरी काहीतरी बसत नव्हतं. टाकीचं झाकण काढून बघणारी बाई मुलांच्या कानात जाणाऱ्या औषधाला असा गुळमुळीत शेरा देईल?

५

दुसऱ्या दिवशी तिने तो छापील शेरा पुन्हा वाचला. टक्केवारीतल्या दोन बारीक चुका दाखवल्या होत्या, त्या काकूंच्या हातच्या, यात शंका नव्हती. बाकी नुसती साखर. मांडणी सुबक. निष्कर्ष समाधानकारक. तिने पुन्हा वाचला. छिद्र हा शब्द कुठेच नव्हता.

आणि मग पंख्याची घरघर एकाएकी ऐकू आली. छिद्रवाली मुलं वेगळी काढून दाखवा. जीव नकोसा केला म्हाताऱ्याने.

शेरा इतका गोड होता, तर डॉक्टरांना कडू कशाने लागला?

ती तशीच उठून काकूंकडे गेली. या वेळी बसलीही नाही.

"काकू, मी बोलते, चुकलं तर थांबवा. तुम्ही पाठवलेला अहवाल वेगळा होता. पडद्याला छिद्र असलेल्या मुलांचा हिशेब वेगळा मांडा, असं तुम्ही लिहिलं होतं. तो अहवाल डॉक्टरांपर्यंत पोचला, कारण ते अजून त्याच्या नावाने बोटं मोडतायत. म्हणजे तो वाटेत बदलला नाही, डॉक्टरांनी वाचल्यानंतर बदलला. छापायला जाण्याआधी. त्या काळात टपाल एकाच माणसाकडे होती."

काकूंनी टेबलावरचा पालथा अंक पुढे ओढला.

"आणि बदलणाऱ्याला एका गोष्टीची पक्की खात्री होती. परीक्षक जिवंत असता तर छापलेलं वाचून त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. लिहिणारा मेलाय, हे ठाऊक असल्याशिवाय एवढी हिंमत होत नाही. तारखेचं भान मात्र राहिलं नाही, ती आपोआप उमटली. पण लिहिणारा मेला नव्हता, काकू. लिहिणारीने अंक वाचला. निधनाच्या बातमीतलं चुकलेलं वर्ष जिला दिसतं, ती शेवटचं पान वाचल्याशिवाय अंक पालथा घालत नाही. तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

काकूंनी अंकाचं शेवटचं पान उघडलं.

"छिद्रवाल्या मुलांमध्ये ऐकणं कमी झालं होतं," काकू अखेर म्हणाल्या. "सगळ्यांची एकत्र सरासरी काढली की दिसत नाही. मी तेवढंच विचारलं होतं. झाकण काढून दाखवा म्हणून."

"मग गप्प का राहिलात?"

"काय सांगू? की हे माझं अक्षर नाही? मग माझं कुठलं, ते सांगावं लागलं असतं."

गाळणीला राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. तिने डॉक्टरीणबाईंकडच्या मुलीची गोष्ट सांगितली, जशी ऐकली तशी, मीठमसाला न लावता. काकूंनी ऐकली. मग त्या उठल्या, सरांच्या खुर्चीवरची शाल उचलली, पुन्हा घडी घातली, पुन्हा ठेवली.

"पाठवलेली टपाल खात्यात राहते ना गं?"

"राहते."

"मी काहीच पुसत नाही," काकू म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या. त्या येणार की नाही, हे गाळणीला बैठकीच्या दिवसापर्यंत कळलं नाही.

६

बैठकीला काकू आल्या. अंबाड्यात पेन्सिल तशीच. त्यांनी सरांचं खातं सगळ्यांसमोर उघडलं, आणि मूळ अहवाल पडद्यावर आला: दोन बारीक चुका, आणि त्यांच्याखाली पानभर छिद्रांचा प्रश्न. शेजारी छापील शेरा. आंधळ्यालाही फरक दिसला असता.

मंडळाला मात्र वेगळंच दिसलं. नेमणूक नसलेल्या व्यक्तीचा आक्षेप ग्राह्य धरावा का, यावर पहिला तास गेला. नवऱ्याच्या नावाने बायकोने परीक्षण करणं हा केवढा गंभीर भंग आहे, यावर दुसरा. काचसाहेब त्यात सगळ्यांत पुढे होते. अहवालाची भाषा आपण फक्त सौम्य केली, तो संपादकाचा अधिकारच आहे, असं म्हणाले. कानाचं नाव कुणी काढेना. साप समोर, आणि सगळे भुई धोपटतायत, असं गाळणीला वाटत राहिलं.

"माझं नाव खोटं होतं, मान्य," काकू मध्येच म्हणाल्या. "बेरीज खोटी आहे का, तेवढं सांगा."

बेरीज कुणी करून पाहिलीच नव्हती.

शेवटी अध्यक्षांनी दोन वाटा पुढे ठेवल्या. संपादकांनी अहवाल बदलला असं छापायचं, तर चौकशी हवी. चौकशीला समिती हवी, समितीला वेळ हवा, आणि तोवर लेख आहे तिथेच राहील. किंवा आजच एक ओळ छापायची: परीक्षकाकडून प्रक्रियेचा भंग झाल्याने हा लेख मागे घेण्यात येत आहे.

"परीक्षकाकडून?" गाळणी उभी राहिली. "ज्याने चूक पकडली त्याच्याच नावावर चूक? हे मी लिहिणार नाही."

काकूंनी तिचा पदर खाली ओढला, शाळेतल्या मुलीचा ओढावा तसा.

"लिही," त्या म्हणाल्या. "आजचं घे. त्यांचं नाव गेलं तर ते काही ऐकायला येणार नाहीत."

गाळणीने ती ओळ लिहिली. आजवर हातून गेलेल्या मजकुरात याहून खोटं वाक्य नव्हतं, आणि याहून तातडीचंही नव्हतं. संध्याकाळच्या आत ते सगळ्या दवाखान्यांना गेलं.

आता कुणी काय भरलं ते बघू. कानवाल्या डॉक्टरांनी लेख दुसरीकडे पाठवून दिला, आणि तिथलाही परीक्षक छळतो अशी त्यांची तक्रार ऐकू येते. काचसाहेबांनी प्रकृतीच्या कारणास्तव संपादकपद सोडलं. कुलगुरूची खुर्ची हुकली, पण प्रकाशनातील नीतिमत्ता या विषयावर बोलायला त्यांना अजून बोलावतात, आणि ते बोलतात छान. पट्टशिष्याने सरांशी आपला फारसा संबंध नव्हता असं सांगायला सुरुवात केली. सरांच्या नावाचं पदक बंद झालं. गाळणीची नोकरी वाचली. संपादकाचं काम तिच्याकडे आलं, खुर्ची तेवढी आली नाही. लेख तपासायला ती आता काकूंकडे पाठवते, काकूंच्याच नावाने, आणि मंडळातले दोघे त्यावर दर बैठकीत नाक मुरडतात. आता लेखकाच्या शिव्या ती शेवटपर्यंत ऐकून घेते.

डॉक्टरीणबाई मध्ये एकदा येऊन गेल्या. थेंब बंद झाले, उशीर झाला तरी झाले, म्हणाल्या. त्या मुलीला हाक मारायची तर आता तिच्या उजव्या बाजूला जाऊन मारावी लागते. आईला सवय झाली आहे. या सगळ्या व्यवहारात रोख मोजले ते त्या पोरीने एकटीने. बाकीच्या सगळ्यांचं अजून उधार आहे.